दत्तक घेतलेल्या कुत्रीचं आधीचं आयुष्य कसं ओळखायचं?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. घरी एक मोठी कुत्री दत्तक आणली आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत महामार्गालगत प्राणिमित्रांना सापडली, त्याआधीचं कुणालाच काही ठाऊक नाही. तांबूस रंग, देशी बांधा, वजन १६ किलो. दिसतं ते असं: डाव्या कानाच्या टोकाला खाच आहे. मानेभोवती केस नसलेली बारीक रेघ आहे. दातांवर तपकिरी आडवे पट्टे आहेत. कुणी झाडू हातात घेतला की कॉटखाली शिरते. फरशीवर पाय घसरतात, जिना चढत नाही. पण ट्रॅक्टर शेजारून धडधडत गेला तरी मान वळवत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यावरून तिचं आधीचं आयुष्य कितपत सांगता येतं, म्हणजे ती कुणाची होती की रस्त्यावरची? आणि ते कळलं तर देखभालीत काय बदलायचं? घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, तिला झाडूनं मारलं असणार. असेलही, पण पडताळा कसा घ्यायचा?

हिरवा_चाफा
आधी कान नीट बघा. नसबंदीच्या शस्त्रक्रियेत ती गुंगीत असतानाच कानाला खूण करतात, त्यामुळे त्या खाचेची कड सरळ, गुळगुळीत असते. भांडणात फाटलेल्या कानाची कड वेडीवाकडी असते, बऱ्याचदा एक टोक लोंबतं. तिसरा प्रकार आपल्या खेड्यापाड्यात दिसतो. कुत्रं तापट निघावं म्हणून पिल्लू असतानाच कानाचे शेंडे छाटतात. तसं असेल तर दोन्ही कान कापलेले असतात, कधी शेपटीही. हा प्रकार निव्वळ अंधश्रद्धेचा आणि क्रूर आहे, पण खूण म्हणून उपयोगी. असं कुत्रं लहानपणी कुणाच्या तरी दारात होतं.

कुठल्या कानाला खूण करायची हे गावोगावी आणि संस्थेगणिक बदलतं, त्यामुळे डावा-उजवा यात अर्थ शोधू नका.

कागलकर
भूतकाळ खणून काय मिळणार? कुत्रं आजच्या दिवसात जगतं. खायला घाला, माया करा, विषय संपला.

पशुवैद्य_करवीर
कागलकर, माया करायचीच आहे, पण विषय तिथं संपत नाही. ज्या कुत्र्याला पूर्वी गोचीडतापाचा संसर्ग झालाय, त्याच्या प्लेटलेट कमी असू शकतात. हे न तपासता उद्या साधी दात साफ करायची भूल दिली आणि एखादा दात काढावा लागला, तर रक्त थांबत नाही. हृदयात जंत असलेल्या कुत्र्याला जंताचं भलतंच औषध भलत्या मात्रेत गेलं, तर रक्तातल्या अळ्या एकदम मरून त्याला धक्का बसू शकतो. तिची कहाणी कुणी विचारत नाहीये. तिच्या शरीरात काय शिल्लक आहे ते विचारताहेत, आणि तेवढं विचारायलाच हवं.

रंकाळाकाठ, ते दातांवरचे पट्टे जरा उजेडात बघून सांगा. पट्टा एकाच दातावर आहे की सगळ्या दातांवर साधारण एकाच उंचीला? नखानं खरवडला तर निघतो का? नख अडकेल असे खड्डे आहेत का?

रंकाळाकाठ
डॉक्टर, निघत नाही. सुळ्यांवर आणि समोरच्या दातांवर सगळीकडे जवळपास एका रेषेत आहे. पट्ट्याच्या जागी दात खडबडीत आहे, छोटे खड्डे आहेत. बाकीचा दात पांढरा.

पशुवैद्य_करवीर
मग ते किटण नाही. किटण हिरड्यांच्या कडेनं बसतं, दाढांवर जास्त, आणि खरवडलं की कपचा निघतो. एका रेषेत खड्डे याचा अर्थ दात हिरडीच्या आत तयार होत असताना काही काळ त्यावरचं कवच नीट बनलं नाही. याचं नेहमीचं कारण डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक विषाणूजन्य रोग. तो विषाणू दाताचं कवच बनवणाऱ्या पेशींनाच इजा करतो. दुसरा कुठला जोरदार ताप किंवा उपासमार यानंही होतं, म्हणून शंभर टक्के शिक्का मारणार नाही.

काळ मात्र बऱ्यापैकी सांगता येतो. कुत्र्याचे दुधाचे दात २८. ते पडून समोरचे पक्के दात तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात येतात, सुळे पाचव्या-सहाव्यात, आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ दात पूर्ण होतात. कवच दात बाहेर येण्याआधीच पूर्ण होतं. म्हणजे तुमची कुत्री साधारण चार महिन्यांच्या आतली असताना खूप आजारी होती आणि त्यातून वाचली.

तीन गोष्टी बघा. गाढ झोपेत जबडा, डोक्याची बाजू किंवा एखादा पाय ठरावीक लयीत उडतो का? स्वप्नात पळताना पाय हलतात तसं नाही, घड्याळासारखं ठोक-ठोक, जागेपणीही. नाकाचा शेंडा आणि तळव्याच्या गाद्या फुटलेल्या, कडक आहेत का? आणि कधी झटका आलाय का? यातलं काही असेल तर व्हिडिओ काढून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तसे दात ठिसूळ असतात, त्यामुळे हाडं, दगड, कडक खेळणी बंद.

बिंदू_चौक
मटणाच्या दुकानामागं वाढलेल्या कुत्र्यांची वरची मोठी दाढ बघा, हाड फोडून तिची बाहेरची कपची उडालेली असते. गालाच्या बाजूनं ओठ वर केला की दिसते. आणि घरी आणल्यावर तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातलं उरलेलं घालायची सवय सोडा. कांदा, लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात.

शिट्टी
दातांवरून आणखी एक कळतं. पिंजऱ्यात कोंडलेलं कुत्रं जाळी चावतं, तेव्हा सुळ्यांची मागची बाजू झिजते, पुढून सुळा अखंड दिसतो. दगड उचलायची सवय असेल तर समोरचे दात वरून सपाट होतात. ही खूण पक्की असते. सुळे मागून बघून ठेवा.

पशुवैद्य_करवीर
बरोबर. वयाचा अंदाज घेतानाही हेच लक्षात ठेवावं लागतं. नव्या पक्क्या पुढच्या दाताला तीन उंचवटे असतात. खालचे मधले दोन साधारण दीड वर्षाच्या सुमारास सपाट व्हायला लागतात, मग त्याशेजारचे, मग वरचे. पण दगड चावणारं दोन वर्षांचं कुत्रं पाच वर्षांचं वाटतं. म्हणून डोळेही बघायचे. सात-आठ वर्षांपुढे बाहुलीत निळसर धुरकटपणा येतो, त्यानं नजर जात नाही. मोतीबिंदू वेगळा, तो पांढरा असतो.

हिरवा_चाफा
रंकाळाकाठ, आता टाका शोधा. मादीची शस्त्रक्रिया दोन जागी करतात. एक पोटाच्या मध्यरेषेत बेंबीच्या खाली, दुसरी उजव्या कुशीवर शेवटच्या बरगडीच्या मागे. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या मोहिमांत कुशीवरची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात, कारण टाके लांबून बघता येतात. केस ओले करून उलटे फिरवा, बोटाएवढी पांढुरकी रेघ हाताला लागते. सोबत स्तनही बघा. लोंबते, काळसर, मोठे असतील तर पिल्लं झालेली असण्याची शक्यता जास्त. पण खोट्या गर्भारपणातही स्तन सुजतात, एवढ्यावरून आई होती म्हणू नका.

रंकाळाकाठ
उजव्या कुशीवर रेघ सापडली! मागच्या दोन जोड्या मोठ्या आणि काळ्या आहेत. खालच्या मधल्या दोन दातांचे उंचवटे गेलेत, शेजारचे अर्धवट आहेत. झोपेत काही ठोके दिसले नाहीत.

हिरवा_चाफा
म्हणजे नसबंदी झाली तेव्हा ती रस्त्यावरचीच समजली गेली. एबीसी, म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या, २०२३ च्या नियमांत, आणि त्याआधीच्या २००१ च्या नियमांतही, पकडलेल्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून त्याला जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. तेव्हा रेबीजचा किमान एक डोस तिला मिळालेला असणार. पण तारीख माहीत नाही, म्हणून तो हिशेबात धरायचा नाही. आजपासून नव्यानं सुरुवात.

कान कापलेला असूनही भाद्रपदात माजावर आली तर घाबरू नका, डॉक्टरांकडे न्या. अंडाशयाचा तुकडा आत राहिला की असं होतं.

धाकटी_जाऊ
भाद्रपदाचं खरंच असतं का? की नुसतं बोलायला?

हिरवा_चाफा
बऱ्याच अंशी खरं. घरातली पाळीव मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, महिना कुठलाही. आपल्याकडची मोकळी कुत्री बहुतेक पावसाळ्याच्या शेवटी येतात. गर्भकाळ साधारण ६३ दिवस, म्हणजे पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक बोळात पिल्लं दिसतात. रस्त्यावरच्या कुत्र्याचा वाढदिवस ठरवायचाच असेल तर नोव्हेंबरचा शेवट धरा, चुकण्याची शक्यता कमी.

उसाचा_फड
ट्रॅक्टरचं सांगितलंत त्यावर लिहितो. आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, काहींबरोबर कुत्री असतात. शिवाय फडावर भाकरीच्या वासानं गावातली कुत्रीही खोपीवर राहतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या गेल्या की त्यातली काही मागं राहतात, मग पोटासाठी महामार्गाच्या धाब्यांकडं सरकतात. अशा कुत्र्याला ट्रॅक्टर, बैल, रात्रीच्या बॅटऱ्या यांचं काही वाटत नाही. पण फरशी, जिना, आरसा, मिक्सर, फ्लशचा आवाज हे सगळं नवं असतं.

मानेची रेघ किती रुंद आहे? पट्ट्याची असेल तर बोटभर रुंद आणि केस नुसते घासलेले. सुतळीची किंवा दाव्याची असेल तर बारीक, आणि पिल्लाच्या गळ्यात बांधून विसरली असेल तर कातडीत रुतलेली. हाताला वळ लागतो.

रंकाळाकाठ
बारीक आहे, सुतळीएवढी. गळ्याखाली थोडी रुतल्यासारखी लागते, मानेवर नाही. कोपरांवर जाड घट्टे नाहीत. नखं आखूड, गाद्या जाड.

उसाचा_फड
मग लहानपणी कुणीतरी दोरी बांधली आणि ती वाढत गेली तशी कुणीतरी कापली किंवा तुटली. सतत साखळीला असलेल्या कुत्र्याची नखं वाढून वळतात, अंगठ्याचं नख तर कातडीत घुसतं. सिमेंटवर बसून कोपराला घट्टे पडतात. हिचं तसं नाही. चालती-फिरती होती.

निपाणीची_वाट
भाषा तपासा. आपल्या बाजूला कुत्री सीमेच्या दोन्हीकडून येतात. पण कुत्रं शब्दापेक्षा हात आणि सूर वाचतं, म्हणून चाचणी नीट करा. पाठमोरे उभे राहा, हात खिशात, एकाच सपाट आवाजात थांबून थांबून म्हणा: "ये", "यू यू", "इकडं ये", मग कन्नडमध्ये "बा", "इल्ली बा", मग हिंदीत "आजा". मधे दोन-तीन निरर्थक शब्द घाला. दुसऱ्या माणसानं समोरून कान आणि शेपटी बघायची. निरर्थक शब्दालाही कान टवकारले तर निकाल बाद. वेगवेगळ्या दिवशी तोच शब्द लागला तरच खरा.

"हाड" आणि "छू" मात्र मुद्दाम तपासू नका. "हाड" ऐकून कोपऱ्यात जाणाऱ्या कुत्र्यावर ते परत बोलून काय साधणार? आणि "छू"ला धावणारं कुत्रं फाटकातून सुटलं तर तुमच्याच अंगाशी येईल.

कागलकर
बरं, पण झाडूचं काय? एवढं सगळं सापडतंय तर तेही खरंच असणार की. मार खाल्ल्याशिवाय कुत्रं झाडूला कशाला भिईल?

शिट्टी
इथंच बहुतेक घरं फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पिल्लाचा जगाशी ओळख करून घ्यायचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. त्या काळात जे दिसलं नाही, ते पुढे परकं आणि भीतीदायक वाटू शकतं. शेतात वाढलेल्या पिल्लानं घराच्या आत खर्र आवाज करत जमिनीलगत सरकणारी लांब वस्तू कधी बघितलेलीच नसते. त्यात ही त्याच वयात आजारी होती, म्हणजे कुठंतरी आडोशाला पडून असणार. आईबापांकडून आलेला भित्रेपणाही असतो. म्हणून भीती बघून मार ठरवता येत नाही. मार बसलेला असू शकतो, फक्त झाडू त्याचा पुरावा नाही.

फरक पडतो तो असा. "बिचारीला मारलं होतं" असं एकदा घरात ठरलं की सगळे झाडू लपवतात, कॉटखाली वाकून तिची समजूत काढतात, आणि भीती वर्षानुवर्षं तशीच राहते. कारण काहीही असो, इलाज एकच आहे.

आधी व्याप्ती बघा. केरसुणी, खराटा, फरशी पुसायचा वायपर, छत्री, काठी, हे प्रत्येक वेगळ्या दिवशी नुसतं जमिनीवर आडवं ठेवा, हातात घेऊ नका. ती किती अंतरावर थांबते ते लिहा. मग ज्या अंतरावर ती वस्तू बघते पण खाणं घेते तिथून सुरुवात करा, बहुधा १२-१५ फूट. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, मीठ-हळद काही नाही. झाडू दिसला की तुकडे सुरू, झाडू दाराआड गेला की तुकडे बंद. क्रम हाच हवा. आधी तुकडा दाखवून मग झाडू काढलात तर ती तुकड्यालाच भ्यायला लागते. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. आडवा, मग भिंतीला उभा, मग शेजारी माणूस, मग हात लावलेला, मग उचललेला, मग एकदाच हलवलेला, शेवटी खरा केर. कुठल्याही पायरीला तिनं तुकडा नाकारला किंवा तोंड उघडून धापा टाकायला लागली, तर दोन पायऱ्या मागं. तोवर रोजचा केर ती फिरायला गेलेली असताना काढा, नाहीतर सकाळी शिकवलेलं दुपारी पुसलं जातं.

कॉटखालून ओढून काढू नका. ती तिची हक्काची जागा आहे, तिथं पाणी ठेवा.

धाकटी_जाऊ
फरशीसाठी: तळव्यांमधले वाढलेले केस कापा आणि दारापासून भांड्यापर्यंत तागाची पोती किंवा रबरी मॅटची पट्टी टाका. जिना आधी चढायला नाही, उतरायला शिकवायचा. सगळ्यात खालच्या पायरीवर उचलून ठेवा, उतरू द्या, मग दोन पायऱ्या. चढणं आपोआप येतं.

बिंदू_चौक
पाठीवर केस नसलेला लांबट चट्टा असेल तर लगेच "उकळतं पाणी टाकलं" म्हणू नका. गाडीखाली झोपणाऱ्या कुत्र्यांना सायलेन्सर लागून असेच डाग पडतात. उकळतं पाणी अंगावरून ओघळतं, त्याचा डाग खाली निमुळता होत जातो.

पशुवैद्य_करवीर
आता तपासण्या, ज्यावर पैसे खर्च करावेत अशा.

पहिली चिप. खांद्यांच्या मधोमध कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी असते, कधी घसरून खांद्यावर किंवा छातीकडे जाते, म्हणून रीडर दोन्ही बाजूंनी हळू फिरवायचा. १५ आकडी क्रमांक मिळतो. सुरुवातीचे तीन आकडे ३५६ असतील तर भारताचा कोड, ९०० पासून पुढे असतील तर बनवणाऱ्या कंपनीचा. चिपमधून जागा कळत नाही, मालकाचं नावही त्यात नसतं, ते नोंदवहीतून शोधावं लागतं. देशी कुत्रीत चिप सापडणं कठीण, पण तपासायला दोन मिनिटं लागतात आणि कुणाचं हरवलेलं कुत्रं असेल तर तोच एक दुवा.

दुसरी, पूर्ण रक्ततपासणी, प्लेटलेटसह, आणि गोचीडतापाची किट. किटमध्ये प्रतिपिंडं दिसतात, ती जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गानंतरही महिनोन्महिने राहतात. किट पॉझिटिव्ह, पण प्लेटलेट आणि तब्येत चांगली, तर लगेच औषधाचा मारा नको. शंका असेल तर पीसीआर, म्हणजे जंतू आत्ता रक्तात आहे का ते बघणारी चाचणी. हृदयजंताच्या चाचणीत संसर्ग साधारण सहा महिन्यांनीच दिसतो, म्हणून आज निगेटिव्ह आली तरी सहा महिन्यांनी परत करा.

तिसरी, एक्सरे, पण लंगडत असेल, बरगडीवर गाठ लागत असेल किंवा कुठं हात लावू देत नसेल तरच. जुनं जुळलेलं हाड आणि छर्ऱ्याच्या बंदुकीचे छर्रे त्यात स्वच्छ दिसतात.

लसी: इतिहास माहीत नाही म्हणजे लस झालेली नाही असं धरा. सात किंवा नऊ घटकांची जी एकत्रित लस तुमचे डॉक्टर देतात तिचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, रेबीज आता आणि मग दरवर्षी. आधी लस झालेली असली तरी परत दिल्यानं सहसा नुकसान नाही. आपल्याकडे २०१९ आणि २०२१ सारखा पूर येतो, तेव्हा त्या लसीत साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा घटक आहे ना ते विचारून घ्या.

आणि तिचे दात कुणाला लागले, तर ती कितीही लाडकी असो, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. खोल जखमेला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. रेबीज अंगात काही आठवडे ते काही महिने दडून राहू शकतो, म्हणून इतिहास नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत इथं हयगय नको.

मुधोळप्रेमी
पाय लांब, कंबर बारीक असेल तर मुधोळ किंवा कारवान या शिकारी जातींचं रक्त असेल. डीएनए करून घ्या.

पशुवैद्य_करवीर
१६ किलोची तांबूस देशी मादी अशी असतेच. मुधोळची मादी यापेक्षा उंच आणि तोंडानं निमुळती. डीएनए चाचणी तिच्या यादीत असलेल्या जातींशीच तुलना करते. देशी कुत्र्यांचे नमुने यादीत पुरेसे नसतील तर अहवालात भलत्याच परदेशी जाती टक्केवारीसकट छापून येतात. ते पैसे रक्ततपासणीला लावा.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंतचं असं मांडतेय, चुकत असेल तर सांगा. वय साधारण दोन वर्षं. चार महिन्यांच्या आत मोठं आजारपण. लहानपणी कुणीतरी दोरीनं बांधलेली, पण कायम बांधून ठेवलेली नाही. घराच्या आत राहिलेली नाही, शेताच्या किंवा रस्त्याच्या कडेची. बहुधा एकदा पिल्लं, मग नसबंदी. मार खाल्ला की नाही, माहीत नाही.

हिरवा_चाफा
"बहुधा" योग्य ठिकाणी लिहिलंत. एक दुरुस्ती: नसबंदीनंतर तिला होती तिथंच सोडलं असेल, तर त्या भागात तिला खाऊ घालणारं कुणीतरी असणार. सापडली त्याच्या आसपासचे धाबे, चहाच्या टपऱ्या, पेट्रोल पंप इथं फोटो दाखवून विचारा. सकाळी सातच्या आत जा, खाऊ घालणारी माणसं त्याच वेळी भेटतात. नसबंदी कधी झाली, पिल्लं किती होती, झटके यायचे का, एवढं तरी विचारा. झटक्याचं उत्तर डॉक्टरांच्या सगळ्यात कामाचं.

कागलकर
रविवारी शिरोलीकडं जाणं आहेच माझं. फोटो इथं टाका, दोन धाब्यांवर मी विचारतो.

रंकाळाकाठ
टाकते, कागलकर. कानाची खाच आणि छातीवरचा पांढरा ठिपका दोन्ही दिसेल असा काढते. डॉक्टर, रक्त द्यायला उपाशी न्यायचं का?

पशुवैद्य_करवीर
गोचीडतापासाठी गरज नाही. यकृत-मूत्रपिंडाचीही तपासणी सोबत करणार असाल तर आठ-दहा तास खाणं नको, पाणी चालेल. आणि मोजकं खाणं सोबत ठेवा, सुई झाल्यावर लगेच तिथंच भरवा.